पडून राहिलेली मोटारसायकल

मिक्सरचं भांडं गळायला लागलं की आपण ते दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला टाकतो. पण घरातली जुनी मोटारसायकल बंद पडली, की तिच्यावर आधी एक चादर पडते, मग त्या चादरीवर ओले टॉवेल पडतात आणि दोन वर्षं कशी गेली ते कळत नाही. मग मुलगा कॉलेजात जायला लागतो, नाहीतर ह्यांची बदली जवळच्या गावी होते. नव्या गाडीची किंमत ऐकून डोळे पांढरे होतात. अशा वेळी चादर निघते.

आमच्याकडे धाकट्या भावजींची २००८ सालची स्प्लेंडर अशीच पत्र्याखाली उभी होती. पहिल्या गॅरेजवाल्याने प्लगसुद्धा न काढता सांगितलं, "बोअर-पिस्टनचं काम आहे, वहिनी. सात-आठ हजार धरून चाला." एस. टी. स्टँडजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवली. ते म्हणाले, "इंजिन शेवटी उघडू." त्यांनी एकेक गोष्ट क्रमाने पाहिली, आणि इंजिन उघडायची वेळच आली नाही. तो क्रम मी वहीत उतरवून घेतला. कार्बोरेटर असलेल्या, म्हणजे साधारण २०२० पूर्वीच्या छोट्या गाड्यांना तो चालतो.

पहिलं काम कागदांचं. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडी तपासून ५ वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. मुदत, विमा आणि गाडी कोणाच्या नावावर आहे, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही खर्चू नका.

मग पेट्रोल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढायला सांगा. त्यातलं थोडं काचेच्या बाटलीत घेऊन पाहिलं, तर खाली पाण्याचा थर किंवा गंजाची पूड दिसते. हे काम उघड्यावर, चुलीपासून, देवघरातल्या दिव्यापासून लांब करायचं. जुन्या रबरी नळ्या कडक झाल्या असतील किंवा त्यांना चिरा पडल्या असतील, तर त्याही ह्याच वेळी बदलाव्यात.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकट राप बसतो आणि जेटचं बारीक भोक बुजतं. ज्यांनी रॉकेलचा स्टोव्ह वापरला आहे त्यांना हे लगेच समजेल. मात्र स्टोव्हला पिन मारायचो तशी इथे मारू देऊ नका. जेट पितळेचं असतं. भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. ते क्लीनरने धुऊन हवेच्या दाबाने साफ करतात.

त्यानंतर एअर फिल्टर. गाडीने श्वास घ्यायचा तो ह्याच्यातून. आमच्या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात उंदराने चिंध्यांचं घर केलं होतं! कागदी फिल्टर कळकट झाला असेल तर बदलून टाकावा.

आता प्लग. डॉक्टर जीभ बघतात तसा मिस्त्री प्लगचं टोक बघतो. कॉफीसारखा तपकिरी रंग म्हणजे तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. काळा आणि तेलकट ओला असेल तर इंजिनातलं ऑइल जळतंय. नवा प्लग शे-दीडशे रुपयांत येतो, तिथे काटकसर नको.

इंजिन ऑइल तर बदलायचंच, आणि पडून राहिलेल्या गाडीचं दोनदा. पहिलं ऑइल आतला गाळ घेऊन येतं. म्हणून तीन-चारशे किलोमीटरनंतर पुन्हा नवं घाला. टॅपेटची फट इंजिन थंड असतानाच मोजायची असते, तेव्हा गाडी रात्रीच गॅरेजात ठेवलेली बरी.

एवढं झालं की गाडी चालू करून धूर पाहा. सकाळी थोडी पांढरी वाफ निघून थांबली तर काळजी नाही. काळा धूर असेल तर पुन्हा कार्बोरेटर आणि फिल्टरकडे वळायचं. पण गाडी तापल्यावरही निळसर धूर येत राहिला, ऑइल कमी होत राहिलं, तरच बोअर-पिस्टनची गोष्ट काढावी.

आता माझं खरं म्हणणं सांगते. गाडी चालू झाली की घरात सगळे खूश होतात आणि कामं तिथेच थांबतात. "ब्रेकचं बघू पुढच्या पगाराला," असं म्हणतात. आमच्या गाडीवर झालेल्या खर्चातला मोठा भाग टायर आणि ब्रेकवर गेला, आणि तो मी आग्रहाने करायला लावला. मागच्या सीटवर मी बसणार, मुलं बसणार.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१४ असेल तर तो टायर २०१४ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनला, असं समजायचं. नक्षी शाबूत दिसली तरी बाजूला चिरा असतील तर टायर गेला. ब्रेकचे लायनर झिजले असतील तर बदला, केबलचा एकही तार तुटलेला चालणार नाही. चेन मधोमध दाबून बोटा-दीड बोटाएवढी हलावी. जास्त सैल झाली तर उतरते.

आणि साडी गार्ड! जुन्या गाडीवरून तो हमखास काढलेला असतो, कारण पोरांना तो शोभत नाही. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा आणि धरायला दांडी हवी, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३ व्या नियमात स्पष्ट लिहिलंय. पदर किंवा ओढणी चाकात गेली की बाई रस्त्यावर फेकली जाते. गार्ड स्वस्तात मिळतो, तो बसवल्याशिवाय मागे बसायचंच नाही. पदर खोचून बसा, आणि हेल्मेट मागे बसणारीनेही घालायचं.

गॅरेजात जाताना लाजू नका. कामांची यादी लिहून न्या, प्रत्येक कामापुढे भाव लिहून घ्या आणि बदललेले जुने भाग पिशवीत घालून परत मागा. जुने भाग मागणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम जरा जपून होतं, असा माझा अनुभव आहे. गाडी घरी आली की पहिला आठवडा गावातल्या गावातच फिरवा. रोज सकाळी गाडीखाली एक जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. ऑइलचा किंवा पेट्रोलचा थेंब पडला तर तो लगेच दिसेल, आणि लांबच्या वाटेवर निघण्याआधीच दुरुस्त करून घेता येईल.