पासपोर्टाची किंमत आणि गावाची किंमत

अँटिग्वा म्हटलं की कोणाला काय आठवतं ते वयावर ठरतं. बाबांच्या पिढीला व्हिव रिचर्ड्स, अँडी रॉबर्ट्स आणि कर्टली अँब्रोज आठवतात. लाराने ३७५ आणि नाबाद ४०० हे दोन्ही डाव तिथल्या एकाच मैदानावर खेळले, हेही ते आवर्जून सांगतील. आपल्या पिढीला आठवतो मेहुल चोक्सी. साधारण लाखभर वस्तीचा, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढा देश, आणि आपल्या लेखी त्याची ओळख काय, तर बँकेचे पैसे बुडवून पळून जाण्याची जागा. चोक्सीवरचे मीम आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले. पण त्या देशाचं पूर्ण नाव ‘अँटिग्वा आणि बार्बुडा’ आहे. त्यातल्या बार्बुडाचं काय झालं, हे मात्र कोणी विचारत नाही.

मला ते विचारायचं आहे. कारण २०१७ च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत त्या एका देशाने दोन प्रकारच्या नागरिकांशी दोन प्रकारे व्यवहार केला. त्या व्यवहारात ‘नागरिक’ या शब्दाचं जे झालं, ते फक्त कॅरिबियनपुरतं राहिलेलं नाही.

आधी पैसेवाल्या नागरिकाबद्दल. २०१३ मध्ये अँटिग्वा आणि बार्बुडाने गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देणारा कायदा केला. सरकारी निधीला देणगी द्या किंवा मान्यताप्राप्त प्रकल्पात मालमत्ता घ्या, पार्श्वभूमीची तपासणी होऊ द्या, आणि पासपोर्ट घ्या. तिथे राहायची अट त्या कायद्यात किती होती? पाच वर्षांत पाच दिवस. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपचा पासवर्ड मला याहून जास्त वेळा बदलावा लागतो. सेंट किट्सने हा धंदा १९८४ मध्येच सुरू केला होता. डॉमिनिका, ग्रेनाडा आणि सेंट लुसियाही तो करतात. पाच दुकानं एकाच गल्लीत असली की जे होतं तेच इथे झालं, भाव पडले. २०१७ च्या वादळांनंतर सेंट किट्सने सवलतीची योजना काढली, आणि अँटिग्वाने देणगीची किमान रक्कम २ लाख डॉलरवरून थेट १ लाखावर आणली. युरोप-अमेरिकेने डोळे वटारल्यावर २०२४ मध्ये या देशांनी आपसात किमान भाव ठरवून घेतला, आणि अँटिग्वाची रक्कम आता २ लाख ३० हजार डॉलर झाली आहे.

चोक्सीला हे नागरिकत्व मिळालं नोव्हेंबर २०१७ मध्ये. जानेवारी २०१८ च्या सुरुवातीला तो भारताबाहेर पडला, त्याच महिन्यात त्याने तिथे शपथ घेतली, आणि महिना संपता संपता पंजाब नॅशनल बँकेची तक्रार बाहेर आली. बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतून हजारो कोटींचा घोटाळा झाल्याचा आरोप. तुम्ही तपासणी काय केली, असं विचारल्यावर अँटिग्वाने जे उत्तर दिलं ते आपल्याला झोंबायला हवं. त्यांनी सांगितलं की मुंबईच्या पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट स्वच्छ होतं. म्हणजे विकणाऱ्याची चाळण जेवढी सैल होती, तेवढीच आपलीही. पुढे त्या देशाचे पंतप्रधान गॅस्टन ब्राउन यांनीच चोक्सीला जाहीरपणे ठग म्हटलं. पण तोवर तो त्यांचा नागरिक झालेला होता, आणि नागरिक म्हणून कोर्टकचेरीचे सगळे हक्क त्याला मिळाले. ते मिळायलाच हवेत, माझी तक्रार त्याबद्दल नाही. तेच हक्क बार्बुडाच्या लोकांना किती मिळाले, एवढंच मला विचारायचं आहे.

आता दुसऱ्या नागरिकाबद्दल. ६ सप्टेंबर २०१७ च्या पहाटे इर्मा नावाचं पाचव्या श्रेणीचं वादळ बार्बुडावरून गेलं. बेट सपाट आहे. बहुतेक घरं मोडली आणि एक लहान मूल गेलं. दोन दिवसांत दुसरं वादळ येतंय म्हणून बेटावरच्या सगळ्या, म्हणजे सोळा-सतराशे, लोकांना अँटिग्वात हलवलं. सुमारे तीनशे वर्षांत पहिल्यांदाच बार्बुडावर एकही माणूस उरला नाही. इथपर्यंत सरकारचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. जीव वाचवायचे होते, ते वाचवले.

खरी गोष्ट यानंतरची आहे. ती कळायला बार्बुडाची जमीन समजून घ्यावी लागते. १६८५ पासून जवळजवळ दोनशे वर्षं हे बेट कॉड्रिंग्टन नावाच्या इंग्रज घराण्याकडे नाममात्र भाड्याने होतं. इथे उसाचे मळे नव्हते. इथले गुलाम अँटिग्वातल्या मळ्यांसाठी धान्य पिकवायचे आणि जनावरं पाळायचे. १८३४ मध्ये गुलामगिरी संपली, मालक यथावकाश निघून गेले आणि माणसं राहिली. त्यांनी जमिनीचे तुकडे पाडले नाहीत. ती सगळ्यांची मिळून ठेवली. या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या वहिवाटीला २००७ च्या बार्बुडा जमीन कायद्याने लेखी रूप दिलं. बेटाची जमीन बार्बुडाच्या लोकांची सामायिक, ती विकता येणार नाही. प्रत्येक प्रौढ बार्बुडाकराला घरासाठी, शेतीसाठी आणि धंद्यासाठी जागा वापरायचा हक्क. बाहेरच्याला मोठा प्रकल्प करायचा तर भाडेपट्टा, आणि त्यालाही लोकांच्या बहुमताची संमती.

या कायद्याला पहिलं भोक इर्माच्या आधीच पडलं होतं. २०१५ मध्ये हॉलिवूडचा रॉबर्ट डी नीरो आणि त्याच्या भागीदाराच्या रिसॉर्टसाठी संसदेने खास कायदा केला, आणि त्या प्रकल्पापुरता जमीन कायदा बाजूला ठेवला. मग वादळ आलं, बेट रिकामं झालं. लोक अँटिग्वात तात्पुरत्या निवाऱ्यांत राहत असताना बार्बुडावर बुलडोझर पोचले. घरं बांधायला नव्हे, नव्या विमानतळासाठी जंगल साफ करायला. त्याच सुमाराला सरकारने जमीन कायद्यात बदल आणले आणि नंतर तो मोडीत काढला. पंतप्रधानांचा प्रस्ताव असा होता की लोकांनी आपापला प्लॉट एक डॉलर भरून मालकी हक्काने विकत घ्यावा. अमेरिकन डॉलरही नव्हे, पूर्व कॅरिबियन डॉलर. असे २.७० डॉलर दिले की एक अमेरिकन डॉलर मिळतो.

म्हणजे ज्याचा त्या मातीशी कधी संबंध आला नाही त्याने लाख डॉलर दिले की तो नागरिक. ज्याचं खापर-खापरपणजोबांपासूनचं सगळं त्या मातीत आहे, त्याने एक डॉलर देऊन मान्य करायचं की कालपर्यंत ही जमीन आपली नव्हती. एक डॉलर स्वस्त वाटतो. पण हा डॉलर देणारा माणूस फक्त प्लॉट घेत नाही, बाकीच्या बेटावरचा हक्क सोडून देतो. आणि प्लॉट एकदा नावावर झाला की तो विकता येतो, गहाण टाकता येतो, बँकेला जप्त करता येतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या जमिनीच्या बाबतीत हे किती वेगाने होतं, ते अलिबाग किंवा दापोलीकडे दहा वर्षांत दोनदा गेलेल्या माणसाला सांगायला नको.

सरकारची बाजू पोकळ नाही. ती नीट ऐकायला हवी. पहिला मुद्दा: नावावर जमीन नसेल तर बँक घरासाठी कर्ज देत नाही, मग घरं उभी राहणार कशी? दुसरा: एकाच देशातल्या अँटिग्वाच्या नागरिकाला बार्बुडात जमीन घेता येत नाही, हा भेदभाव नाही का? तिसरा: हा देश जागतिक बँकेच्या यादीत उच्च उत्पन्न गटात बसतो, त्यामुळे स्वस्त कर्ज मिळणं अवघड, आणि वादळ मात्र उत्पन्न बघून येत नाही. मग त्याने विकायचं काय? पासपोर्टांच्या पैशाचा एक भाग वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या तिथल्या केंद्रासाठी जातो, हेही खरं आहे.

तिसऱ्या मुद्द्यापुढे मी मान तुकवतो. हवा तापवली दुसऱ्यांनी आणि छप्पर उडालं बार्बुडाचं, यात वाद नाही. ब्राउन यांच्या सरकारने हेच जगाला ठणकावून सांगितलं. २०२१ मध्ये तुवालूबरोबर छोट्या बेटांचा आयोग स्थापला, प्रकरण सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाकडे नेलं, आणि २०२४ मध्ये अनुकूल अभिमत मिळवलं. शाबास. पण मोठ्यांनी छोट्यांना न विचारता निर्णय घेऊ नयेत हे तत्त्व समुद्रापलीकडे खरं असेल, तर ते पन्नास-साठ किलोमीटरवरच्या आपल्याच धाकट्या बेटासाठी खोटं कसं होतं? बार्बुडाच्या प्रतिनिधींनी तर स्वातंत्र्याच्या वाटाघाटींतच वेगळं होण्याची मागणी केली होती. १९८१ मध्ये त्यांना जोडूनच स्वातंत्र्य मिळालं. संसदेत लोकांतून निवडून आलेल्या १७ जागा, त्यांपैकी बार्बुडाची एक. सोळा विरुद्ध एक असताना ‘लोकशाही मार्गाने कायदा बदलला’ हे वाक्य मला ऐकवू नका.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर सोपं आहे. सरकारी हमी देऊन सामायिक जमिनीवरही घरकर्ज देता येतं. अडचण बँकेच्या फॉर्मची असेल तर फॉर्म बदला, गाव कशाला बदलता? आणि दुसरा, भेदभावाचा मुद्दा मी तेव्हा मनावर घेईन, जेव्हा तिथे जमिनी घेणारा सेंट जॉन्सच्या बाजारातला भाजीवाला असेल. आज बार्बुडाच्या किनाऱ्यावर उभे राहताहेत ते अब्जाधीशांचे क्लब, गोल्फ कोर्स आणि खाजगी बंगले, तेही आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंदलेल्या खारकच्छाच्या परिसरात. अँटिग्वाच्या सामान्य माणसाला त्यात मिळणार ती नोकरी.

लोक कोर्टात गेले. या देशाचं शेवटचं कोर्ट अजून लंडनची प्रिव्ही कौन्सिल आहे, आणि ती बदलण्याचा प्रस्ताव २०१८ च्या सार्वमतात लोकांनीच फेटाळला. २०२२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं की २००७ च्या कायद्याने दिलेला सामायिक हक्क राज्यघटनेने संरक्षण दिलेल्या मालमत्तेत बसत नाही. विमानतळाच्या खटल्यात तर दोन स्थानिकांना असा खटला लढवण्याचा अधिकार आहे, एवढं मान्य व्हायलाच २०२४ उजाडलं. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क नाही, हे वाक्य ऐकलेली माणसं आपल्या गायरानांत आणि पाड्यांवर भरपूर आहेत. त्यांना बार्बुडा समजावून सांगावा लागणार नाही.

या देशाने श्रीमंत पाहुण्यापुढे गालिचा अंथरण्याची ही पहिली वेळही नव्हे. टेक्सासच्या अ‍ॅलन स्टॅनफर्डची बँक इथेच होती. देशाने त्याला नागरिकत्व दिलं, २००६ मध्ये ‘सर’ केलं. २००८ मध्ये त्याने इंग्लंडविरुद्ध २ कोटी डॉलरचा एक ट्वेंटी-ट्वेंटी सामना भरवला, आपणही तो टीव्हीवर पाहिला. २००९ मध्ये कळलं की बँक म्हणजे सुमारे ७०० कोटी डॉलरची फसवणूक होती. त्याला ११० वर्षांची शिक्षा झाली. धडा ताजा होता, तरी चार वर्षांत पासपोर्टाचं दुकान उघडलं.

आता आपल्याबद्दल. माझ्या टीममध्ये जेवणाच्या सुट्टीत पासपोर्ट क्रमवारीचे स्क्रीनशॉट फिरतात. ‘दुसरा पासपोर्ट घ्या’ अशी रील्स मला आठवड्यातून दोनदा तरी दिसतात, निळं पाणी आणि पांढरी वाळू दाखवणारी. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, दुसरं घेतलं की पहिलं जातं, हे त्यात बारीक अक्षरातही नसतं. देश सोडून जाणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पोटासाठी, शिक्षणासाठी, श्वास घेता यावा म्हणून माणसं जातात, जाणारच. दुसऱ्या देशात दहा वर्षं राहून, कर भरून, शेजाऱ्यांत मिसळून तिथला झालेला माणूस माझ्या लेखी अस्सल नागरिक आहे. मला चीड आहे ती नागरिकत्वाला सबस्क्रिप्शन समजण्याची. मासिक, वार्षिक, प्रीमियम. नेटवर्क चांगलं नसेल तर पोर्ट करा. कारण देश ही ज्याला सेवा वाटते त्याला तिथली माणसं कर्मचारी वाटतात, आणि किनारा रिकामा दिसतो. त्या रीलमधल्या निळ्या पाण्याच्या काठावर कोण राहत होतं, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

एवढ्या छोट्या देशाला मी इथे बसून उपदेश करावा का? तिथले लोक स्वतःच भांडताहेत, त्यांना माझी गरज नाही. पण आपल्याकडचा पैसा, आपल्याकडचं सर्टिफिकेट आणि आपल्याकडचा फरारी त्या गोष्टीत आहेत, तेव्हा मत देण्याएवढा संबंध माझाही आहे. माझं मत असं: पासपोर्ट विकायचेच असतील तर कोणाला विकले त्याची यादी दरवर्षी जाहीर करा. देशाचा भागीदार कोण झाला हे देशाला कळलंच पाहिजे. आणि बार्बुडाच्या जमिनीचा एक तुकडाही बार्बुडाकरांच्या मतदानाशिवाय देऊ नका. २००७ च्या कायद्यात लिहिलेलं हेच होतं. नवीन काही शोधायचं नाही, खोडलेलं परत लिहायचं आहे.

चोक्सीला २०२५ मध्ये बेल्जियममध्ये अटक झाली. त्याच्या बातम्या आपल्याला येत राहतील, नोटिफिकेशनसकट. बार्बुडाची बातमी येणार नाही. ती शोधून वाचावी लागेल.