विश्लेषण : छोटा कॅमेरा पुन्हा फॅशनमध्ये, पण कासचा पाऊस आणि पालचा भंडारा तो सोसेल का?

सप्टेंबरात कास पठार फुलते, तेव्हा साताऱ्यातून वर जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. तरीही खिशात मावणारा, जुन्या रोलच्या कॅमेऱ्यासारखा दिसणारा डिजिटल कॅमेरा घेण्याची हौस जगभरातल्या तरुणांमध्ये परतली आहे. सातारा-सांगलीतल्या कुणी त्यासाठी पैसे साठवायला घेतले असतील, तर ते नेमके कशाचे मोजले जातात हे आधी पाहायला हवे.

मागणी का परतली?

2010 मध्ये जगभरात 10 कोटींहून अधिक छोटे कॅमेरे विक्रीसाठी बाहेर पडले. 2023 मध्ये हा आकडा 20 लाखांच्याही खाली होता. मोबाइलने हा बाजार गिळला. 2024 मध्ये आकडा पुन्हा थोडा वर सरकला, त्यात इन्स्टाग्रामवरच्या जुन्या धाटणीच्या फोटोंचा मोठा वाटा आहे. या फोटोंच्या 'लूक'चे श्रेय बरेचजण जुन्या सीसीडी सेन्सरला देतात. खरे काम मात्र बहुतेकदा झेनॉन फ्लॅशचे असते. तो क्षणार्धात लख्ख चमकतो, चेहरा उजळतो आणि मागचे सगळे काळोखात जाते. मोबाइलच्या एलईडी दिव्याला हे जमत नाही.

देखणेपणाचे पैसे किती?

फुजीफिल्मचा एक्स100 व्हीआय फेब्रुवारी 2024 मध्ये आला. भारतातली किंमत दीड लाखाच्या वर. चकत्या फिरवून सेटिंग बदलण्याची सोय, चंदेरी रंग, वजन 521 ग्रॅम. तो नुसता दिखाऊ नाही. आत 40 मेगापिक्सेलचा मोठा सेन्सर आहे. पण त्याला झूम नाही. कॅननचा 2019 चा जी7 एक्स मार्क थ्री दिसायला साधा आणि 304 ग्रॅमचा, पण त्यात 4.2 पट झूम आहे.

सेन्सरचा फरक क्षेत्रफळात पाहिला की पटकन कळतो. जुन्या स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत तो साधारण 28 चौरस मिलिमीटर, जी7 एक्समध्ये सुमारे 116 आणि एक्स100 व्हीआयमध्ये 360 च्या आसपास असतो. चांगल्या मोबाइलचा मुख्य सेन्सरही आज 28 पेक्षा बराच मोठा असतो. म्हणजे सांगलीत रात्रीच्या विसर्जन मिरवणुकीत, फ्लॅश न पोहोचणाऱ्या अंतरावर, जुना कॅमेरा मोबाइलपुढे हरतो.

इथे खरी परीक्षा कोणती?

कास 2012 पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथली सीतेची आसवे बोटाच्या पेरापेक्षाही लहान. अनेक छोट्या कॅमेऱ्यांना फुलाच्या काही सेंटिमीटर जवळ नेले तरच जवळचा फोटो नीट येतो. आणि तेवढे जवळ जायचे तर पायवाट सोडून फुलेच तुडवावी लागतात. इथे लांबून टिपणारी झूम लेन्स देखण्या बॉडीपेक्षा जास्त उपयोगाची. शिवाय पाऊस केव्हा येईल याचा नेम नाही. एक्स100 व्हीआयलाही पावसापासून संरक्षण हवे, तर पुढे रिंग आणि फिल्टर बसवावे लागते. जी7 एक्सला तसे संरक्षणच नाही.

भुकटीचा त्रास त्याहून चिवट. कराड तालुक्यातल्या पालच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतात, तासगावच्या रथोत्सवात गुलाल. बाहेर येऊन आत जाणाऱ्या लेन्सच्या नळीत ही भुकटी शिरली की लेन्स अडकते आणि स्क्रीनवर 'लेन्स एरर' येतो. स्वस्त कॅमेऱ्याच्या बाबतीत दुरुस्तीचा खर्च अनेकदा कॅमेऱ्याच्या किमतीलाच भिडतो. अशा गर्दीत मोबाइल सरस, कारण त्यात बाहेर सरकणारी नळीच नाही.

जुना घ्यायचाच असेल तर?

रंग बघण्याआधी बॅटरीचे दार उघडून पाहावे. फुगलेली बॅटरी आणि तिचा बंद पडलेला मॉडेल क्रमांक, हे दोन्ही धोक्याचे. कार्डही तपासावे. 2006 पूर्वीचे बरेच कॅमेरे 2 जीबीपेक्षा मोठे एसडी कार्ड ओळखत नाहीत, आणि तेवढे लहान कार्ड आता दुकानात सहज मिळत नाही. मग लेन्स चार-पाच वेळा आत-बाहेर करून कान द्यावा. करकर ऐकू आली, तर आत वाळू किंवा भुकटी गेलेली असण्याची शक्यता मोठी.