आरोग्य विमा सक्तीचा आहे का? सक्ती तुमच्यावर नाही, मालकावर आहे

दुचाकी विम्याविना चालवली तर दंड होतो. मग आरोग्य विमा नसेल तर? सध्या चर्चेत असलेल्या या प्रश्नाचे सोपे उत्तर.

वैयक्तिक विमा बंधनकारक आहे का?
नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार वाहनाचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. माणसाच्या आजारपणासाठी तशी सक्ती करणारा कायदा भारतात नाही. ‘पॉलिसी घ्यावीच लागते’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

मग सक्ती कोणावर?
मालकावर. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत २१ हजार रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांची ईएसआय नोंदणी करावी लागते. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली आहे. कंत्राटी कामगारही त्यात येतात.

पगारातून किती कापतात?
कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. पगार १४ हजार असेल तर तुमचे १०५ रुपये आणि मालकाचे ४५५. मालकाचा वाटा तुमच्या पगारातून कापता येत नाही.

सरकारी योजना असताना ईएसआय कशाला?
महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ठरलेल्या आजारांवर आणि ठरलेल्या रुग्णालयांतच. बुडालेली मजुरी ती देत नाही. ईएसआयमध्ये कुटुंबाच्या उपचारांसोबत पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते.

विडी कामगारांचे काय?
घरी विड्या वळणाऱ्या महिलांसाठी १९७६ च्या कल्याण निधी कायद्यातून दवाखाने चालतात. त्यासाठी विडी कामगाराचे ओळखपत्र लागते.

तुम्ही काय कराल?
पगाराच्या स्लिपवर ईएसआय कपात पाहा, विमा क्रमांक मागा. पैसे कापले पण क्रमांक नाही, तर ईएसआय महामंडळाकडे तक्रार करा.

आमचे मत
सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतला कामगार आजारी पडला की मजुरी आधी बंद होते, बिल नंतर येते. अशा वेळी बारा जण राबत असताना मस्टरवर नऊच नावे असतील, तर तो हिशेबाचा घोटाळा राहत नाही. उरलेल्या तिघांच्या घरातले औषधपाणी हिरावले जाते. नव्या सक्तीची चर्चा जरूर व्हावी. त्याआधी ७७ वर्षांहून जुन्या सक्तीची मोजदाद कारखान्याच्या दारात उभे राहून व्हायला हवी.