चवथीचे वझे आणि गुरुजींचे घर

चवथ आठ दिवसांवर आली की डिचोलीच्या बाजारात माटोळीचे सामान उतरते. सुपारीची शिपटी, आंबाडे, चिबूड, कांगले पुढ्यात मांडून गावोगावची माणसे रस्त्याच्या कडेला बसतात आणि सर्वण, कारापूर, मये अशा गावांतले गृहस्थ पिशव्या सांभाळीत घासाघीस करीत फिरतात. या खरेदीत अलीकडे एका वस्तूची भर पडू लागली आहे. ती माटोळीला बांधायची नसते आणि देवापुढेही ठेवायची नसते. काजूगरांचा पुडा, मिठाईचा चकचकीत डबा, क्वचित चांदीचे नाणे किंवा एखाद्या मोठ्या दुकानाचे खरेदीपत्र, असे काहीतरी 'सरांसाठी' आणि 'मॅडमसाठी' घेतले जाते. चवथीच्या मागेपुढेच ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन येतो. दिवाळीला पुन्हा तीच यादी निघते. बालवाडीतल्या मुलाने बाईंच्या हाती जास्वंदीचे फूल दिले तर त्याविषयी कोणाचीच तक्रार असणार नाही. आमचा प्रश्न आहे तो नववी ते बारावीच्या मुलांचा. त्यांच्या वहीवर शिक्षकाचा शेरा उमटतो आणि त्या शेऱ्याला पुढच्या प्रवेशाच्या दारात किंमत असते.

चवथीला लेकीच्या सासरी जे सामान पाठविले जाते त्याला आपल्याकडे 'वझे' म्हणतात. वझे म्हणजे ओझे. हा शब्द ज्यांनी रूढ केला त्यांना देण्यातला आनंद ठाऊक होता आणि देणाऱ्याच्या खांद्यावर काय पडते तेही ठाऊक होते. पहिल्या वर्षी कौतुकाने गेलेले वझे दुसऱ्या वर्षी अपेक्षा होते, आणि तिसऱ्या वर्षी ते गेले नाही तर त्याचा अर्थ लावला जातो. शिक्षकाच्या घरी जाणाऱ्या पुड्याची वाटचाल याच मार्गाने चालली आहे असे आम्हांला दिसते.

यावर ताबडतोब एक उत्तर येईल, आणि ते खोटे नाही. गुरूला काही देणे ही आपली फार जुनी रीत आहे. त्यात लाच कसली शोधता, असे विचारले जाईल. गोमंतकाच्या खेड्यांत तर या रीतीला एक वेगळाच इतिहास आहे. डिचोली, पेडणे, सत्तरी हे महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. मराठी शिकविण्याची जबाबदारी सरकारची नव्हती. ती गावाची होती. देवळाच्या मंडपात किंवा एखाद्या भाटकाराच्या ओसरीवर शाळा भरे. शिकविणाऱ्या शेणवीमामांना किंवा पंतोजींना ठरावीक पगार असा नसेच. कोणी भात घाली, कोणी नारळ देई, कोणी परसातली भाजी आणून देई, आणि सणाला पानावर बोलावी. दसऱ्याला पाटीपूजन झाले की दक्षिणेचे चार पैसे पडत. ही देणगी नव्हे, हे वेतनच होते. फक्त ते धान्यात आणि मानात विभागून दिले जाई.

मुक्तीनंतर चित्र पालटले. १९६३ च्या अखेरीस भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि खेडोपाडी सरकारी मराठी शाळा उघडल्या. सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळकडचे तरुण मास्तर वळकटी बांधून गोव्याच्या गावांत आले. त्यांना सरकारी पगार होता, पण राहायला घर नव्हते, जेवणाची सोय नव्हती. गावाने त्यांना खोली दिली, कुळागरातली केळी दिली, तापात कण्हत पडले तर पेज दिली. त्या पिढीतील ज्या मुलांनी मास्तरांच्या बिऱ्हाडी दुधाचा तांब्या पोचविला, ती आज सत्तरीच्या घरात आहेत आणि त्या तांब्याची आठवण हळवेपणाने सांगतात. त्यांच्या आठवणीला आम्ही हात लावू इच्छीत नाही. परंतु त्या तांब्यात आणि आजच्या डब्यात फरक आहे. तेव्हा गाव मास्तरांची गरज भागवीत होते. आज सरकारी आणि अनुदानित विद्यालयातील कायम शिक्षकाला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे वेतन मिळते. त्याच्या घरी काजूगरांचा तुटवडा नसतो. (तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकांची गोष्ट निराळी. त्यांची ओढाताण खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय सरकारच्या तिजोरीत आहे, पालकांच्या पिशवीत नाही.)

परंपरेचाच दाखला द्यायचा तर तो नीट द्यावा. दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून लुटतो. त्यामागे कौत्साची कथा सांगितली जाते, आणि कालिदासाने ती रघुवंशाच्या पाचव्या सर्गात घेतली आहे. विद्या पुरी झाल्यावर कौत्साने वरतंतु ऋषींना दक्षिणा विचारली. गुरूंनी सांगितले, तुझी सेवा हीच दक्षिणा. शिष्याने पुन्हा पुन्हा आग्रह धरला, तेव्हा गुरू चिडले आणि चौदा विद्यांच्या हिशेबाने चौदा कोटी मुद्रा मागून बसले. पुढे रघूने कुबेराकडून आणविलेले सारे सोने देऊ केले, तरी कौत्स गुरूला देणे होते त्याहून एक नाणे अधिक घेईना. या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, दक्षिणा विद्या संपल्यावर दिली गेली. परीक्षा व्हायच्या आधी नव्हे. दुसरी, गुरूने आधी नाही म्हटले होते. संकट ओढवले ते शिष्याच्या आग्रहाने. आज बारावीचा निकाल हाती आल्यावर एखादा मुलगा पेढे घेऊन सरांच्या पायांशी वाकला तर तो कौत्साच्या पंगतीतला. दिवाळीच्या सुट्टीआधी, प्रात्यक्षिकांचे गुण भरायचे असताना जो डबा पोचतो, त्याला वरतंतूची कथा उपयोगी पडत नाही.

प्रात्यक्षिक, तोंडी परीक्षा, अंतर्गत मूल्यमापन हे गुण शाळेतल्या शाळेत दिले जातात. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव नसते. येथे मूल समोर उभे असते. बहुसंख्य शिक्षक हे गुण सचोटीने देतात याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु न्याय झाला एवढे पुरत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला तो झालेला दिसावा लागतो. या वयाचे मूल भोळे नसते. कोणाची पिशवी जड होती आणि कोणाशी सर हसून बोलले, याचा जमाखर्च ते मनात ठेवते. दोन्हींचा संबंध नसेलही. तो नाही हे त्या मुलाला कोण आणि कसे पटवून देणार?

डिचोली तालुक्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. २०१२ साली खाणी बंद झाल्या, आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा बंद पडल्या. ट्रकांच्या हप्त्यांखाली किती घरे वाकली हे या भागात कोणाला सांगायला नको. एकाच वर्गात, एकाच बाकावर, गाठीला पैसा राखलेल्या घरचे मूल आणि ट्रक विकून रोजंदारीवर गेलेल्या बापाचे मूल शेजारी बसते. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'मॅडमना दिवाळीची भेट' म्हणून वर्गणीचा निरोप येतो, खाली पैसे भरणाऱ्यांची नावे चढत जातात, आणि ज्याचे नाव चढलेले नाही त्या घरात संध्याकाळी काय बोलणे होते ते त्या घरालाच माहीत. वर्गणी ऐच्छिक आहे असे म्हणणे सोपे असते. नावांची यादी प्रसिद्ध झाली की ऐच्छिकपणा संपतो.

नियम काय सांगतो? सरकारी शिक्षकाला लागू असलेल्या १९६४ च्या आचरण नियमांतील तेरावा नियम भेटीविषयी आहे. लग्नकार्य, धार्मिक विधी अशा प्रसंगी रूढीला धरून जवळचे नातलग आणि ज्यांचा कामकाजाशी संबंध नाही असे स्नेही यांच्याकडून भेट घेण्यास तो मोकळीक देतो. मर्यादेपलीकडची असेल तर कळवायला सांगतो. विद्यार्थ्याचा पालक या दोन्हींत बसत नाही, कारण कामकाजाचा संबंध त्याच्याइतका दुसऱ्या कोणाचा असणार? नियम आहे, पण तो शिक्षकाच्या खोलीत कधी वाचला जात नाही आणि पालकांना तर तो सांगितलाच जात नाही.

दक्षिण कोरियात २०१६ साली लागू झालेल्या लाचविरोधी कायद्याने हा प्रश्न टोकाला नेला. तेथे १५ मे रोजी शिक्षक दिन असतो आणि शिक्षकाच्या छातीवर कार्नेशनचे फूल लावण्याची रीत आहे. नव्या कायद्याखाली एकट्या विद्यार्थ्याने आपल्या वर्गशिक्षकाला ते एक फूल देणेही गैर ठरले. विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीने सर्वांसमक्ष दिले तर चालते. त्यावर तेथेही हसू झाले. परंतु पालकांच्या पाकिटांचा जो अनुभव त्या समाजाने वर्षानुवर्षे घेतला होता, तो पाहता हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्याकडे फुलावर बंदी यावी असे आम्ही म्हणणार नाही. 'सर्वांसमक्ष' आणि 'सर्वांच्या वतीने' हे दोन शब्द मात्र उचलण्यासारखे आहेत.

ते दूरदेशाहून आणायचीही गरज नाही. १९०८ साली पणजीत मुष्टिफंड संस्था उभी राहिली ती घरोघरच्या मूठभर तांदळावर. श्रीमंताची मूठ आणि गरिबाची मूठ एकाच भांड्यात पडली, कोणाची कोणती ते कळले नाही, आणि तांदूळ शाळेला गेले. शिक्षक दिनाची कथाही याच अंगाची आहे. १९६२ साली राधाकृष्णन राष्ट्रपती झाले तेव्हा चाहत्यांना त्यांचा वाढदिवस साजरा करायचा होता; तो आपल्या नावाने न करता शिक्षकांच्या नावाने करा, असे त्यांनी सुचविले.

या चर्चेत एक मोठी भेट लोक विसरतात. ती डब्यात येत नाही; ती महिन्याच्या महिन्याला शिकवणीच्या फीच्या रूपाने येते. शाळेतल्याच शिक्षकाकडे शाळेतल्याच मुलाने शिकवणी लावावी, हे मिठाईच्या शंभर डब्यांहून अधिक काटे हलविणारे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने शिक्षकांच्या खासगी शिकवणीवर बंदी घातली. परंतु तो कायदा प्राथमिक शिक्षणापुरता, म्हणजे आठवीपर्यंतचा. ज्या वर्गांत शिकवणीचा जोर खरा वाढतो तेथेच त्याची हद्द संपते. डब्यांविरुद्ध परिपत्रक काढून शिकवणीकडे पाठ फिरविणारी व्यवस्था कोणाला फसवीत असेल तर ती स्वतःलाच.

तेव्हा येत्या चवथीपूर्वी मुख्याध्यापकांनी एवढे करावे. विद्यार्थ्यांच्या दैनंदिनीत दोन ओळी लिहून पाठवाव्यात की शिक्षकांसाठी व्यक्तिशः भेट आणू नये आणि वर्गणी काढू नये. पालक-शिक्षक संघाने ही सूचना स्वतःच्या नावाने दिली तर अधिक बरे, म्हणजे नकार देण्याचा अवघडपणा एकट्या शिक्षकावर पडणार नाही. ज्यांना द्यायचेच आहे त्यांनी ग्रंथालयाला पुस्तके द्यावीत, पुस्तकावर नाव न घालता.

आणि एखादी सर्वणची आई, जिला दैनंदिनी वाचता येत नाही, ती परसातली दोन दोडकी नि ओंजळभर चवळीच्या शेंगा घेऊन शाळेच्या दारात आली, तर तिला नियम वाचून दाखवू नये. शेंगा घ्याव्यात, मध्यान्ह भोजनाच्या पातेल्यात घालाव्यात, आणि तिच्या मुलाचा गणिताचा पेपर कसा झाला ते तिला बसवून सांगावे.