क्लास निवडण्याआधी दिवस मोजा

दहावीचा शेवटचा पेपर देऊन मूल घरी येते न येते, तोच अकरावी-बारावीच्या क्लासचा विषय घरात शिरतो. चौकाचौकांत गुणवंतांच्या छायाचित्रांचे फलक झळकू लागतात, आईवडिलांच्या मोबाइलवर ‘जागा मर्यादित’ असे निरोप येतात आणि निकाल लागण्यापूर्वीच कोठेतरी आगाऊ रक्कम भरण्याची घाई होते. वाचकहो, या घाईत आजी-आजोबांचे मत क्वचितच विचारले जाते. पैसे मात्र अनेकदा मागितले जातात.

वास्तविक या निर्णयात आपल्यापाशी एक अशी माहिती असते, जी इतर कोणापाशी नसते. नातू किती वाजता परतला, डबा संपला की तसाच आला, रात्री खोलीतला दिवा केव्हा मालवला, हे दिवसभर घरात असणाऱ्यालाच ठाऊक असते. रसायनशास्त्र कोण उत्तम शिकवतो, हे आपल्याला पारखता येणार नाही कदाचित. परंतु अमुक क्लास लावल्यास या मुलाचा दिवस कसा जाईल, हे आपण नेमके सांगू शकतो. निवडीचा आरंभ तेथूनच व्हावा.

परीक्षा कोणती, ते आधी ठरवा

क्लास कोणता, या प्रश्नाआधी परीक्षा कोणती, हा प्रश्न येतो. वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ अनिवार्य आहे. आयआयटी, एनआयटीसारख्या संस्थांसाठी ‘जेईई’ द्यावी लागते. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या बहुतेक जागा मात्र राज्याच्या ‘सीईटी’वर भरल्या जातात आणि त्या परीक्षेत सुमारे ८० टक्के भार बारावीच्या व २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. म्हणजे ज्या मुलीला आपल्याच जिल्ह्यातील चांगल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जायचे आहे, तिच्यासाठी जेईईचा सर्वांत महाग आणि सर्वांत लांबलचक वर्ग घेण्याचे कारण उरत नाही. कला वा वाणिज्य शाखेतील मुलांच्या बाबतीत तर क्लासची गरज आहे का, येथूनच विचार करावा. अनेकदा एखाद्याच विषयाची शिकवणी पुरेशी होते.

चोवीस तासांचा जमाखर्च

आयुष्यभर घरखर्चाची वही लिहिणाऱ्यांना हे काम अवघड नाही. एक कोरा कागद घ्या, नातवाला शेजारी बसवा आणि त्याच्या दिवसाचा हिशेब मांडा. झोपेचे आठ तास. कनिष्ठ महाविद्यालय व तेथे जाण्या-येण्याचे सहा तास. अंघोळ, जेवणखाण, थोडे खेळणे-बोलणे यांचे अडीच तास. हे झाले साडेसोळा. उरले साडेसात. आता क्लासचे चार तास आणि प्रवासाचा दीड तास वजा केला की हाती राहतात अवघे दोन तास. क्लास सहा तासांचा असेल, तर शिल्लक शून्य.

हे शिल्लक तासच खरे अभ्यासाचे असतात. या परीक्षा ऐकलेल्याची नव्हे, सोडवता येण्याची कसोटी पाहतात. ‘नीट’मध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात, बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. ही गती व हा संयम स्वतः वही-पेन घेऊन बसल्याशिवाय येत नाही. म्हणून एक साधा नियम सुचवावासा वाटतो: जितके तास क्लासमध्ये ऐकायचे, निदान तितके तास घरी स्वतः सोडवायला उरले पाहिजेत. ते उरत नसतील, तर क्लास कितीही नामांकित असो, त्या मुलासाठी तो मोठा आहे.

यावर ‘इंटिग्रेटेड’ नावाचा उपाय सुचवला जातो. महाविद्यालयातील प्रवेश कागदोपत्री आणि शिक्षण सगळे क्लासमध्ये. सहा तास वाचल्यासारखे वाटतात. पण बारावीचा हिशेब मागे राहतो. राज्य मंडळाच्या परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांत १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. जेईईतून एनआयटीत प्रवेश घेताना खुल्या प्रवर्गासाठी बारावीत ७५ टक्के गुणांची अट सर्वसाधारणपणे लागू असते. तेव्हा अशा ठिकाणी प्रयोगशाळा कोठे आहे, प्रात्यक्षिके आठवड्यातून किती होतात आणि हजेरी कशी लागते, हे स्पष्ट विचारावे. उत्तर गुळमुळीत आले, तर तेथून उठावे.

पहाटेचा अभ्यास आणि झोपेचे घड्याळ

येथे आपल्या पिढीच्या एका श्रद्धेविषयी बोलायला हवे. पहाटे चारला उठून केलेला अभ्यास पक्का होतो, असे आपण ऐकत आलो. वय वाढते तसे शरीराचे घड्याळ पुढे सरकते. रात्री नऊला डोळे मिटू लागतात आणि पहाटे आपोआप जाग येते. पौगंडावस्थेत नेमके उलट घडते. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात रात्री उशिरा स्रवू लागते. त्यामुळे सोळा वर्षांचे मूल दहा वाजता ताजेतवाने दिसते आणि सकाळी सहाला उठता उठत नाही. तो आळस नव्हे. ते वयाचे शरीरशास्त्र आहे.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, अशी निद्राविज्ञानातील तज्ज्ञ संस्थांची शिफारस आहे. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के करण्याचे काम झोपेतच चालते. रात्री साडेनऊला सुटणारा क्लास आणि सकाळी सहाची दुसरी बॅच, असे वेळापत्रक असेल तर झोप सहा तासांवर येते, आणि शिकवलेल्यातील बराच भाग तेथेच सांडतो. बॅच निवडण्याची मुभा असेल, तर रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत मूल घरी पोहोचेल अशी बॅच घ्यावी. मूल बारा वाजता झोपले असेल, तर प्रेमापोटीही त्याला चारला हाक मारू नये.

प्रत्यक्ष जाऊन काय पाहावे

माहितीपत्रकावर विसंबू नका. गुडघे साथ देत असतील तर एकदा स्वतः जा. ते शक्य नसेल तर मुलाला किंवा सुनेला पुढील गोष्टी पाहून यायला सांगा.

प्रथम इमारत पाहा. २४ मे २०१९ रोजी सुरत येथे क्लास चालणाऱ्या इमारतीला आग लागली आणि २२ विद्यार्थ्यांचे प्राण गेले. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत एका क्लासच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. म्हणून जिना किती रुंद आहे, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, वर्ग तळघरात किंवा गच्चीवरील पत्र्याखाली तर भरत नाही ना, स्वच्छतागृह व पिण्याचे पाणी कसे आहे, हे शिक्षकांच्या पदव्यांपूर्वी पाहावे.

मग वर्ग पाहा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार प्रत्येक विद्यार्थ्यामागे निदान एक चौरस मीटर जागा असावी, दिवसाला पाच तासांहून अधिक शिकवू नये, आठवड्याला एक सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नये. शिकवणारा किमान पदवीधर असावा. ही तत्त्वे अमलात आणणे राज्यांवर सोपवले असल्याने सर्वत्र त्यांचे पालन होतेच असे नाही. परंतु प्रश्न विचारण्यासाठी ती आपल्या हाती असलेली उत्तम यादी आहे.

विचारायचेच असे आणखी काही प्रश्न आहेत. फलकावरील सर माझ्या नातवाच्या वर्गाला शिकवणार की दुसरे कोणी? एका वर्गात किती मुले? शंका विचारायला वेगळा वेळ आहे का, आणि तेथे शिक्षक भेटतात की वरच्या वर्गातील विद्यार्थी? गुणांप्रमाणे मुलांच्या बॅच पाडल्या जातात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लक्षपूर्वक ऐका. ‘मागच्या बॅच’चा शिक्का बसलेले मूल अभ्यासापूर्वी आत्मविश्वास गमावते. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मधील एका निकालात, शक्यतो अशी विभागणी करू नये आणि विद्यार्थ्यांचा चारचौघांत पाणउतारा करू नये, असे निर्देश दिले आहेत.

फलकांवरील यशाचा अर्थही समजून घ्यावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेल्या नियमांनुसार निवडीची हमी देणारी जाहिरात करता येत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र त्याच्या लेखी संमतीविना वापरता येत नाही आणि त्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ घेतला होता, हे सांगावे लागते. तेव्हा विचारा, ‘दहा मुले लागली हे दिसते, बसली किती होती?’ या एका प्रश्नाने पुष्कळ चित्र स्वच्छ होते.

घरी येणारे शिक्षक

ज्या मुलाचा दहावीतला गणिताचा पाया कच्चा आहे, जे शंभर मुलांत हात वर करायला बुजते, किंवा ज्याच्या घरापासून क्लास फार दूर आहे, त्याला एखाद-दुसऱ्या विषयासाठी घरगुती शिक्षक अधिक उपयोगी पडतात. यात प्रवास वाचतो आणि गती मुलाची राहते.

वर्षाचे बोलणे करण्यापूर्वी दोन आठवडे शिकवून पाहण्याची विनंती करावी. चांगल्या शिक्षकाला तिचा राग येत नाही. त्या काळात शेजारच्या खोलीत बसून नुसते ऐका. सर्व वेळ शिक्षकांचाच आवाज येत असेल तर ती शिकवणी नव्हे, व्याख्यान आहे. ‘आता तू करून दाखव’ हे वाक्य वारंवार कानी पडले पाहिजे. महिन्याअखेरीस वही उघडा. त्यात मुलाच्या हस्ताक्षरातील चुकलेली आणि पुन्हा सोडवलेली गणिते दिसली, तर शिक्षक मनापासून काम करत आहेत असे समजा. शिकवणी दिवाणखान्यात किंवा दार उघडे असलेल्या खोलीत व्हावी आणि घरात कोणी मोठे माणूस असावे. हा अविश्वास नाही. मूल व शिक्षक दोघांच्याही हिताची ती रीत आहे.

घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर शिकवणीची वेळ औषधपाण्याच्या आणि परिचारिकेच्या वेळेशी जुळवून ठरवा. दोन्ही कामे एकाच खोलीत, एकाच घटकेला आली की रुग्ण संकोचतो आणि मूल अपराधी होते.

गाव सोडून पाठवताना

राजस्थानातील कोटा आणि आपल्याकडील लातूर ही नावे या संदर्भात हमखास निघतात. लातूरच्या महाविद्यालयांनी कसून सराव करून घेण्याची जी पद्धत रुजवली, तिने ग्रामीण भागातील पुष्कळ मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केले, हे निर्विवाद आहे. कोट्यातूनही दरवर्षी अनेक मुले यशस्वी होतात. परंतु तेथील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनी देशाला विचार करायला लावले, हेही तितकेच खरे. पंधरा-सोळाव्या वर्षी एकट्याने राहणे प्रत्येकाला जमत नाही. मूल आजवर कधी आठ दिवसही घराबाहेर राहिलेले नसेल, खाण्याच्या बाबतीत हळवे असेल, मनातले पटकन बोलत नसेल, तर घराजवळचा मध्यम क्लास त्याला अधिक मानवेल. पाठवायचेच ठरले, तर तेथे समुपदेशक आहे का, खानावळ कशी आहे आणि घरी बोलायला रोज कोणती वेळ मोकळी मिळेल, हे ठरवूनच पाठवा.

आपली पुंजी

आता थोडे आपल्याविषयी. नातवाच्या शुल्कासाठी मुदत ठेव मोडण्याची वेळ अनेक आजी-आजोबांवर येते. द्यावेसे वाटते, हे स्वाभाविक आहे. परंतु आजारपणासाठी राखलेली ठेव वेगळी ठेवा. तिला हात लावू नका. उद्या आपल्या शस्त्रक्रियेचा भार याच मुलावर पडू नये, ही देखील त्याला केलेली मदतच आहे.

दोन वर्षांचे शुल्क एकरकमी भरल्यास मिळणारी सवलत मोहात पाडते. शक्य तेथे हप्त्यानेच भरा. मूल मध्येच क्लास सोडून गेल्यास उरलेल्या काळाचे शुल्क, तसेच वसतिगृह व खानावळीची रक्कम, दहा दिवसांत परत करावी, असे केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पण दिलेले पैसे परत मिळवण्यापेक्षा न दिलेले राखणे सोपे असते. पावती घ्या, परताव्याची अट लेखी मागा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ज्यांना खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारचे ‘साथी’ हे संकेतस्थळ जेईई व नीटची तयारी विनामूल्य करून देते.

आणि पैसे दिलेच, तर ते विसरा. ‘तुझ्यासाठी ठेव मोडली’ हे वाक्य एकदा जरी उच्चारले, तरी ते परीक्षेच्या दालनात मुलाच्या शेजारी जाऊन बसते.

प्रवेशानंतर

पहिले सहा आठवडे केवळ निरीक्षणाचे ठेवा. गुण विचारू नका. भूक, झोप आणि बोलणे पाहा. डबा वारंवार परत येऊ लागला, सकाळी पोटात किंवा डोके दुखू लागले, मित्रांचे फोन थांबले, आवडता खेळ वा गाणे सुटले, तर आईवडिलांना शांतपणे सांगा आणि बॅच वा क्लास बदलण्याचा विचार करा. भरलेल्या पैशांपायी नको असलेल्या क्लासला मूल जखडून ठेवू नये. ‘जगण्यात अर्थ नाही’ अशा अर्थाचे काही ते बोलले, तर ते मनावर घ्या, त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांची मदत घ्या. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

मूल रात्री क्लासहून परतले, की पहिला प्रश्न ‘आज काय शिकवले?’ असा नको. ‘जेवायला वाढू का?’ एवढेच विचारा. ताट समोर आले की बाकीचे ते स्वतःहून सांगते.