पत्रा किती जाड घ्यावा?

एका वाचक भगिनीने विचारले आहे : घरावरचा पत्रा जुना झाला, यंदा बदलायचा आहे. दुकानदार म्हणतो, दुप्पट जाडीचा घ्या, ऊन कमी लागेल. घरात सहा महिन्यांचे बाळ आहे, सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे आणि जोहरपासून असरपर्यंत दोघांना त्याच खोलीत राहावे लागते. जास्तीचे पैसे जाड पत्र्यात घालावेत का?

आमचे उत्तर आधीच सांगतो. पत्रा जास्त वर्षे टिकावा म्हणून जाड घ्यायचा असेल तर जरूर घ्या. ऊन कमी लागेल म्हणून मात्र एक रुपयाही जादा देऊ नका. मालेगाव, भिवंडीकडच्या यंत्रमाग वस्त्यांत अशी पत्र्याची घरे ओळीने उभी आहेत, म्हणून या उत्तरामागचा हिशेब थोडा सविस्तर मांडतो. आठवी-नववीच्या मुलाला शेजारी बसवा, तो आकडेमोड करील.

भिंतीतून किंवा छपरातून उष्णता किती जाते, याचे गणित फ्रान्सच्या जोसेफ फूरिए यांनी १८२२ सालच्या ग्रंथात मांडले. हे गृहस्थ एका शिंप्याचे पुत्र, लहानपणीच आई-वडिलांना पोरके झालेले. आमच्या वर्गातल्या मुलांना आम्ही गणिताआधी हे सांगतो. त्यांचा नियम साधा आहे. दोन बाजूंच्या तापमानातला फरक जितका जास्त, तितकी उष्णता जास्त जाते. मधला अडथळा जितका मोठा, तितकी कमी जाते. या अडथळ्याला ‘रोध’ म्हणू. एकामागे एक थर असले की त्यांच्या रोधांची बेरीज करायची. रोध काढायचा तर थराची जाडी मीटरमध्ये घ्यायची आणि त्या पदार्थाच्या उष्णता-वाहकतेने भागायची.

आता पत्रा घेऊ. जाडी अर्धा मिलिमीटर, म्हणजे ०.०००५ मीटर. पोलादाची वाहकता सुमारे ५०. भागाकार येतो ०.००००१. पण पत्र्याच्या दोन्ही अंगांना हवेचा पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटलेला असतो. वरच्या बाजूचा रोध धरू ०.०५, कारण तिथे वारा लागतो. खालच्या बाजूचा ०.१६. एकूण बेरीज ०.२१ आणि त्यात पत्र्याचा वाटा इतका क्षुल्लक की लिहायलाही लाज वाटावी. पत्रा दुप्पट जाड करा, बेरीज ०.२१ च राहते. गोधडी ऊब देते ती कापडामुळे नव्हे, आत अडकलेल्या हवेमुळे. इथेही तोच प्रकार आहे.

मग खोली तापवते कोण? ऊन. मेच्या दुपारी छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ९०० वॅट ऊन पडते. वॅट म्हणजे बल्बवर लिहिलेला असतो तोच. जुना, काळपट, गंजलेला पत्रा त्यातले ८० टक्के, म्हणजे ७२० वॅट शोषतो. या ७२० ला वरच्या हवेच्या रोधाने, ०.०५ ने, गुणले की ३६ येतात. बाहेर ४० अंश असतील तर पत्र्याच्या दृष्टीने जणू बाहेर ७६ अंश आहेत. इंजिनिअर लोक उन्हाचा हिशेब या युक्तीने करतात. आत, दार-खिडकी उघडी ठेवून, ४० अंश धरले तर फरक ३६. त्याला ०.२१ ने भागा : दर चौरस मीटरला १७० वॅट. दहा बाय बाराच्या खोलीवर सुमारे ११ चौरस मीटर पत्रा असतो. म्हणजे जवळजवळ १९०० वॅट. डोक्यावर दोन हजार वॅटची शेगडी उलटी टांगून तिच्याखाली बाळाला निजवावे, तसे झाले. पत्रा स्वतः ६५ अंशांच्या वर जातो. कुणी हप्त्यावर एक टनाचा एसी घेतला, तर त्याच्या साडेतीन हजार वॅटमधले निम्म्याहून अधिक एकट्या पत्र्याशी लढण्यात जातात आणि विजेचे बिल मात्र पूर्ण येते.

त्याच पत्र्याला पांढरा चुना लावा. चांगला पांढरा थर ऊन ३० टक्केच शोषतो. मग ३६ च्या जागी साडेतेरा येतात आणि खोलीत उतरणारी उष्णता १९०० वरून ७०० वॅटवर येते. पत्र्याची जाडी तीच, बदलला फक्त रंग. अहमदाबादला २०१० च्या मे महिन्यात उष्णतेने फार बळी घेतले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी लढण्याची योजना आखली आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरे करण्याचे कामही हाती घेतले. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना हा उपाय विशेष सोयीचा, कारण घरमालक पत्रा बदलून देईल याची वाट पाहावी लागत नाही. खरे तर हा खर्च मालकानेच करायला हवा, पण बाळ तोवर थांबत नाही.

उरलेले पैसे छताखालच्या सिलिंगला लावा. दोन सेंटिमीटर थर्माकोलचा रोध ०.५७ इतका मोठा भरतो, आणि चुन्यासकट हिशेब केला तर उष्णता २०० वॅटच्याही खाली येते. तरीही आम्ही थर्माकोल सुचवणार नाही. जिथे गॅसची शेगडी आणि बिछाना एकाच खोलीत आहे, तिथे ते पटकन पेट घेते आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. जिप्सम बोर्ड पत्र्याखाली चार-पाच इंच जागा सोडून बसवा. मधली हवा आणि बोर्ड मिळून रोध दुपटीहून अधिक होतो, आणि वर चुना असेल तर खोलीत ३०० वॅटच्या आसपासच उष्णता उतरते. त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी ठेवली की गरम हवा निघूनही जाते.

पंख्याबद्दल दोन शब्द. तापलेल्या पत्र्यातून येणारे उष्णतेचे किरण पंखा अडवू शकत नाही. शिवाय आपली त्वचा सुमारे ३५ अंशांची असते. हवा ४० अंशांची झाली की पंखा अंगावर उष्णताच आणून टाकतो. अशा वेळी आपल्याला वाचवतो तो फक्त घाम. स्वस्थ बसलेले माणूस सुमारे १०० वॅट उष्णता तयार करते आणि तेवढी बाहेर टाकायला तासाला दीडशे मिलिलिटर घाम सुकावा लागतो. छपराची उष्णता त्यात वेगळी. म्हातारपणी घाम कमी येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढून अंगातले पाणी कमी होते. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, पण उन्हाळ्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा. सासूबाईंच्या हाता-मानेवर ओले फडके फिरवून पंखा लावा, म्हणजे घामाचे काम पाणी करील. बाळाला पुन्हा पुन्हा अंगावर पाजा. अंग तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागले किंवा बाळ मलूल पडले, तर अंग ओले करीत ताबडतोब दवाखाना गाठा.

चुना लावताना चुन्यात मीठ टाकायची जुनी पद्धत भिंतीपुरतीच ठेवा. पत्र्यावर मीठ म्हणजे गंजाला आमंत्रण. डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळा. आधी पत्रा धुऊन वाळू द्या, नाहीतर धुळीवर चुना धरत नाही. काम फजरनंतर लगेच, ऊन चढण्याआधी उरका. पाय नेहमी खालच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे खिळ्यांच्या ओळीवर ठेवा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर मात्र चढूच नका. तो वजनाने फुटतो, आणि घासल्यावर त्यातून उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते. त्यावर शिडीवरून, लांब दांड्याच्या ब्रशाने, न घासता चुना लावा. पावसाळ्यात चुना बराचसा धुऊन जातो आणि धुळीने काळाही पडतो, म्हणून दरवर्षी मार्चअखेर पुन्हा एक हात द्यावा लागेल.