घाटात फियाट, किन्हवलीला अ‍ॅम्बेसेडर

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की वाशिंदच्या नाक्यावर अजूनही दोन तट पडतात. मला विचाराल तर चालवायला पद्मिनी, आणि पोटापाण्याला अ‍ॅम्बेसेडर.

पद्मिनी आपल्या घरची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली आणि १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. पुढचे दरवाजे उलटे उघडणाऱ्या त्या पहिल्या गाडीला मुंबईने ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. पद्मिनी हे नाव आलं १९७४ मध्ये. अ‍ॅम्बेसेडर बंगालमधल्या उत्तरपाड्याची, मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड.

पद्मिनी सव्वा फुटाने आखूड, अंगाने हलकी. इंजिन १०८९ सीसीचं, अ‍ॅम्बेसेडरचं १४८९. तरी कसारा घाटाच्या वळणांवर स्टेअरिंगजवळचा गिअर खाली ओढला की पद्मिनी चटकन वळायची; अ‍ॅम्बेसेडर वळवताना खांदे भरून यायचे. मात्र उन्हाळ्यात पद्मिनीचं इंजिन तापे, पेट्रोलची नळीतच वाफ होई आणि गाडी चढणीवर बंद पडे. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा निघायचं. पाण्याची बाटली आणि फडकं डिकीत ठेवल्याशिवाय जाणता चालक खर्डीच्या पुढे जात नसे.

किन्हवली-सरळगावच्या वाटेला लागलं की पारडं फिरे. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत अ‍ॅम्बेसेडरचे पाटे सगळं सोसत. पुढे तिघं, मागे चौघं, मांडीवर पोरं, डिकीत भाताची पोती. पेट्रोल परवडेना तेव्हा लोकांनी त्यात डिझेल इंजिन बसवलं, पत्रा कुजला तिथे नवा जोडला. या गाड्यांनी वऱ्हाडं नेली, अडलेल्या बाया शहापूरच्या दवाखान्यात पोचवल्या.

म्हणूनच मला २०२१ चा केंद्राचा नियम खटकतो. पन्नास वर्षं ओलांडलेल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. वीस हजार भरून ही नोंदणी घेणार कोण? ज्याची गाडी शेडमध्ये कापडाखाली उभी राहिली, तो. जिने रस्त्यावर राहण्यासाठी इंजिन बदललं, ती बाद. मुंबईच्या टॅक्सीतली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली; तिची आठवण काढणारे पुष्कळ आहेत. गावातल्या डिझेल अ‍ॅम्बेसेडरसाठी बोलणारं कुणी नाही.

अस्सल, फेरफार न केलेली गाडी जपावी, याबद्दल वाद नाही. पण तालुक्यांचा प्रवास कसा झाला, हे सांगणारा पुरावा फेरफार झालेल्या गाडीतच आहे. अशा गाड्यांसाठी परिवहन खात्याने वेगळा वर्ग करावा: कोणतं इंजिन कधी बसवलं याची नोंद घ्यावी, ब्रेक आणि धूर कसून तपासावेत, आणि फी गावातल्या मालकाला झेपेल एवढीच ठेवावी.